नाणेघाट ते खोडद : मनुष्याच्या वाढत्या इंद्रियांचा इतिहास

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्याने राजगुरुनगर मागे टाकून खेडचा घाट चढून गेले, म्हणजे पेठ हे गाव लागते. सातगाव पठारावरील हे गाव बटाट्याच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या नावातच एक जुना इतिहास दडलेला आहे. जेथे वाटा एकत्र येतात, माल उतरतो, चार गावची माणसे चार गोष्टी बोलतात व ऐकतात, ती पेठ. येथून पुढे मंचर, कळंब, नारायणगाव आणि डावीकडे जुन्नर असा हा सगळा टापू दोन हजार वर्षांपासून वाटेवरचा आहे. कोकणातील बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येत असे व तेथून देशावर पांगत असे. मालाबरोबर बातम्या येत, बातम्यांबरोबर विद्या येई.

हे सर्व आठवण्याचे कारण असे की, आजकाल सुशिक्षितांच्या बैठकीत एका विषयाची फार चर्चा चालू असते. यंत्राच्या साहाय्याने मनुष्याची शक्ती किती वाढवावी, आणि ती वाढविली असता मनुष्य मनुष्यच राहील काय, हा तो विषय होय. विचार करणारी यंत्रे आता घरोघर पोचली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत हातापायांतील शक्ती गेलेल्या एका तरुणाच्या मेंदूत विद्युत्-पट्टिका बसविण्यात आली आणि तो केवळ मनाने संगणकाच्या पडद्यावरील खूण हलवू लागला. अशा वार्ता वाचून कोणी हर्षभरित होतो, कोणी भयभीत होतो. दोघांचीही समजूत मात्र एकच असते, की असे काही पूर्वी कधी घडलेच नव्हते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी विलायतेचा इतिहास चाळण्याचे कारण नाही. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या परिसरातच त्या प्रश्नाचे तीन साक्षीदार उभे आहेत. एकाने मनुष्याची स्मृती वाढविली, दुसऱ्याने वाणी वाढविली व तिसऱ्याने दृष्टी. त्यांची साक्ष क्रमाने घेऊ.

१

पहिला साक्षीदार नाणेघाटातील लेणे. घाटमाथ्यावर खडकात कोरलेल्या या दालनाच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत एक मोठा लेख आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख सातवाहन राणी नागनिका हिचा मानला जातो. राजा सातकर्णी व ती राणी यांच्या काळी झालेले अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्या यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची ती एक प्रदीर्घ यादी आहे. मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची पावलांपुरती चिन्हे उरली आहेत आणि वर कोरलेल्या नावांवरूनच त्या कोणाच्या होत्या हे कळते.

इतिहासाच्या अभ्यासकांना हा लेख सातवाहनांच्या वंशावळीसाठी मोलाचा वाटतो. गणिताच्या अभ्यासकांना तो त्यातील अंकांसाठी मोलाचा वाटतो. दक्षिणेचे आकडे येथे अक्षरांनी न लिहिता चिन्हांनी लिहिले आहेत. एकंकांची निराळी चिन्हे, दहाचे निराळे, शंभराचे निराळे, हजाराचे निराळे. चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले आहे. शून्य अद्याप नाही आणि स्थानावरून किंमत ठरविण्याची युक्तीही अद्याप नाही. परंतु ज्या अंकांनी पुढे साऱ्या जगाचा हिशेब सोपा केला, त्यांचे पूर्वज येथे जुन्नरच्या डोंगरात पाहावयास मिळतात.

आता या लेखाकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहू. दहा हजारांची गणना कोणत्या मनुष्याच्या ध्यानात राहील? आणि राहिली तरी त्याच्या मरणानंतर तिचे काय? लिपी व अंक या युक्तीने मनुष्याने आपली स्मृती डोक्याबाहेर काढून दगडावर ठेवली. मनुष्याच्या शक्तीत घातलेली ही केवढी भर! पट्टिका मेंदूत बसविली काय किंवा आठवण मेंदूतून काढून भिंतीवर बसविली काय, हेतू एकच. निसर्गाने दिलेली मर्यादा ओलांडणे.

परंतु या साक्षीदाराची उलटतपासणी केली असता एक चमत्कारिक गोष्ट उघड होते. लेख दगडावर राहिला, पण वाचणारे राहिले नाहीत. ब्राह्मी लिपीचे ज्ञान हळूहळू लोपले. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचा स्तंभ दिल्लीस आणविला, तेव्हा त्यावरील अक्षरे कोणाही पंडितास लागली नाहीत. नाणेघाटातून या काळात व्यापारी गेले, फौजा गेल्या, गुराखी गेले. त्या सर्वांच्या दृष्टीस त्या भिंतीवर केवळ चरे होते. उलट, ज्या वेदांतील यज्ञांची ती यादी आहे, ते वेद ज्यांनी मुखोद्गत ठेवले होते त्यांच्या शिष्यपरंपरेने ते जिवंत राखले. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी ते कंठात इतके घट्ट बसविले होते की दगडास जे साधले नाही ते कंठास साधले. या कंठस्थ विद्येचे दरवाजे बहुजनांना बंद होते, हा तिचा मोठा दोष विसरता येणार नाही. तथापि साधनावाचून स्मृती टिकते व साधन असूनही ती लोपते, ही दोन्ही उदाहरणे एकाच लेण्यात एकत्र सापडावीत, हे विचार करण्याजोगे आहे.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीची किल्ली शोधली. नाणेघाटाकडे कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्यापूर्वीच लक्ष वेधले होते. पुढे मुंबईस डॉ. भाऊ दाजी यांच्यापाशी तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्या लेखाचे व अंकांचे वाचन केले. भगवानलाल हे मूळचे जुनागडचे. विद्यापीठाची पदवी नाही, इंग्रजीचे रीतसर शिक्षण नाही. परंतु अक्षरांपुढे तासन् तास बसण्याची चिकाटी अलौकिक. मुक्या भिंतीस त्यांनी व बूलर यांच्यासारख्या पंडितांनी पुन्हा वाचा दिली. साधन मनुष्याची शक्ती वाढविते हे खरे. पण साधनास शक्ती देणारा पुन्हा शिकलेला मनुष्यच असतो, असे हा पहिला साक्षीदार सांगतो.

२

दुसरा साक्षीदार नारायणगावाजवळील आर्वी हे गाव. त्याच्याकडे वळण्यापूर्वी थोडा मागचा धागा जोडला पाहिजे. १८७० साली मुंबई व इंग्लंड यांच्यामध्ये समुद्राच्या तळाने तार जोडली गेली आणि जी बातमी गलबतातून येण्यास महिने लागत ती काही तासांत येऊ लागली. १९२७ साली बिनतारी संदेशांची योजना सुरू झाली. त्यासाठी संदेश पाठविण्याचे ठाणे खडकीस व घेण्याचे ठाणे दौंडास होते. अर्थात् दूरवर बोलण्याच्या विद्येशी पुणे जिल्ह्याचा संबंध जुना आहे.

१९७१ साली आर्वी येथे भारताचे पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झाले. सुमारे तीस मीटर व्यासाची एक प्रचंड तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी राहिली आणि हिंदी महासागरावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहाशी बोलू लागली. ही कामे आपल्या देशातील तंत्रज्ञांनी करावीत असा आग्रह धरणारे डॉ. विक्रम साराभाई त्याच वर्षी डिसेंबरात निवर्तले, आणि या केंद्रास त्यांचेच नाव मिळाले. मंचरच्या व नारायणगावच्या बाजारात ज्या दिवशी कांद्याचे भाव ओरडून सांगितले जात होते, त्याच दिवशी शेजारच्या डोंगरांच्या कुशीतून मुंबईचा आवाज युरोपास जात होता.

उपग्रहावरून बोलताना एक मौज घडे. पृथ्वीवरून वर व वरून पुन्हा खाली हा सुमारे बहात्तर हजार किलोमीटरांचा प्रवास प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद घेतो. उत्तर येण्यास आणखी तेवढाच वेळ लागतो. पाव सेकंद म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल. पण संभाषणात तेवढ्याने घोटाळा होतो. इकडून आई विचारी, "जेवतोस ना वेळेवर?" उत्तर चटकन् आले नाही म्हणून ती पुन्हा विचारी, तोवर तिकडून मुलाचे उत्तर येई आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळत. ज्यांच्या घरची मुले त्या काळी परदेशी शिकावयास गेली होती, त्यांना हा अनुभव आठवत असेल. हळूहळू लोक शिकले, की या यंत्रावर बोलावयाचे तर आपले वाक्य संपवून क्षणभर थांबले पाहिजे. वाणीचा पल्ला वाढला, पण त्याबरोबर ऐकण्याची नवी शिस्त अंगी बाणवावी लागली.

ही गोष्ट क्षुल्लक नाही. जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलांच्या कानात आज शस्त्रक्रियेने कॉक्लियर इम्प्लांट नावाचे यंत्र बसवितात. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, परंतु त्या मुलास ध्वनीचा अर्थ लागण्यासाठी पुढे कित्येक महिने, कित्येक वर्षे शिकवावे लागते. घरच्या माणसांनी त्याच्याशी सतत बोलावे लागते. यंत्र कानात नाद पोचविते. त्या नादाचा शब्द आईच्या मांडीवर होतो. वर्तमानपत्रे यंत्राचे वर्णन रकाने भरून करतात आणि त्या मांडीचा उल्लेख सहसा करीत नाहीत.

आर्वीची आणखी एक शिकवण आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात समुद्रतळाने काचतंतूंच्या तारा आल्या, आणि दूरध्वनीचा बराचसा भार उपग्रहांवरून पुन्हा समुद्राखाली गेला. १८७० ची वाट नव्या रूपाने परत आली व १९७१ चे आश्चर्य जुने झाले. दगडावरील लेखास विस्मृतीत जावयास काही शतके लागली. यंत्रास मागे पडावयास तीस वर्षेही पुरेशी होतात. म्हणून आजचे यंत्र पाहून 'आता मनुष्याचा इतिहास येथून नव्याने सुरू झाला' असे म्हणणाऱ्याने अंमळ धीर धरावा.

३

तिसरा साक्षीदार खोडद. नारायणगावापासून जवळच असलेल्या या गावच्या शिवारात व भोवतालच्या टापूत पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. यांपैकी चौदा मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकात दाटीने आहेत; उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर पसरलेल्या असून सर्वांत दूरच्या दोहोंमधील अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या नावाने जगात ओळखली जाणारी दुर्बीण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली आणि २००१ साली तिचे लोकार्पण झाले.

तिचे जनक प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०). यांच्या कार्याची वाटचालही मोठी सूचक आहे. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात संशोधन करीत होते. तेथील कामातून निवृत्त झालेल्या सहा-सहा फूट व्यासाच्या बत्तीस लहान तबकड्या त्या देशाने भारतास भेट दिल्या. डॉ. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून स्वरूप १९६३ साली परत आले व १९६५ साली त्यांनी त्या तबकड्या कल्याण येथे मांडून सूर्याचा अभ्यास आरंभिला. पुढे १९७० साली उटीजवळ डोंगराच्या उतारावर पाचशे तीस मीटर लांबीची दुर्बीण झाली, आणि त्यानंतर खोडद. ज्या कल्याणहून व्यापाऱ्यांचे तांडे नाणेघाट चढून जुन्नरास येत, त्याच कल्याणहून ही विद्या, उटीचा वळसा घेऊन का होईना, जुन्नर तालुक्यातच येऊन स्थिरावली. योगायोगच तो, परंतु इतिहासाच्या वाचकास असे योगायोग आवडतात.

येथील कारागिरीही सांगण्याजोगी आहे. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर तिचे वजन व वाऱ्याचा जोर पेलण्यास अपरंपार पोलाद लागले असते. स्वरूप यांनी पोलादी दोरांच्या सांगाड्यावर बारीक तारेची जाळी ताणून बसविण्याची युक्ती योजिली. वारा जाळीतून निघून जातो, पण मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना तीच जाळी आरशासारखी भासते. गरीब देशाने श्रीमंतांची नक्कल न करता आपल्या ऐपतीतून मार्ग काढल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता या दुर्बिणीच्या दृष्टीचा हिशेब पाहू, कारण त्यातच माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. निरोगी मनुष्याचे डोळे सुमारे पंचाऐंशी मीटरवरील रुपयाचे नाणे ठिपक्याहून काही निराळे आहे एवढे जेमतेम ओळखतील. खोडदची एक सुटी तबकडी, एकवीस सेंटिमीटरांच्या लहरींत पाहू लागली, तर पूर्ण चंद्राच्या निम्म्या रुंदीहून बारीक असे काहीच तिला वेगळे दिसणार नाही. म्हणजे पंचेचाळीस मीटरांचे हे धूड एकटे असताना कोणाही शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे आंधळे ठरते! परंतु तीसही तबकड्यांचे संकेत एकत्र आणून, त्यांच्या वेळांचा काटेकोर मेळ घालून व पृथ्वीच्या भ्रमणाचा उपयोग करून चित्र जुळविले, म्हणजे तीच दृष्टी अडीच किलोमीटरवरील रुपया ओळखण्याइतकी तीक्ष्ण होते. ही जुळणीची विद्या सिद्ध केल्याबद्दल मार्टिन राइल यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. यात कोणत्याही एका तबकडीची शक्ती वाढलेली नाही. वाढली ती एकमेकींशी मेळ राखण्याची शक्ती.

या जोडदृष्टीने काय साधले? १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे श्यापरेली नावाचे यान मंगळावर उतरत होते. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून येणारा त्याचा क्षीण संकेत खोडदने पकडला. आणि उतरण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी तो एकाएकी थांबला. यान आदळून नष्ट झाले होते. दूर मंगळावरील त्या अपघाताची चाहूल प्रथम जुन्नर तालुक्यात लागली. जानेवारी २०२३ मध्ये तर सुमारे आठशे ऐंशी कोटी प्रकाशवर्षांवरील आकाशगंगेतील हायड्रोजनचा संकेत येथे टिपल्याचे जाहीर झाले. मधल्या दुसऱ्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तो संकेत सुमारे तीसपट वाढविला होता, म्हणूनच तो हाती लागला. पृथ्वी जन्मास येण्यापूर्वी निघालेला तो किरण होता.

४

येथवर वाचून वाचकांस वाटेल, की लेखक यंत्राचे स्तोत्र गात आहे. परंतु खोडदच्या दृष्टीला एक पथ्य आहे आणि ते पथ्य तेथील लोकांना पाळावे लागते. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की मोटारीची ठिणगी, विजेच्या तारेतील बिघाड, भ्रमणध्वनीचे मनोरे, यांपैकी काहीही त्यांस बुडवून टाकते. हा टापू निवडण्याचे एक कारणच हे होते, की येथे मनुष्यनिर्मित रेडिओगोंगाट कमी होता. दुर्बिणीला शांतता पाहिजे. आणि भोवतालच्या माणसांना तर उद्योग, वीज, संपर्क व वाहतूक पाहिजे.

या विरोधाने अलीकडे उग्र रूप घेतले आहे. पुणे व नाशिक यांना जोडणाऱ्या सुमारे दोनशे पस्तीस किलोमीटरांच्या वेगवान रेल्वेचा आराखडा चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर या वाटेचा होता. पेठेसारख्या गावांना आपल्या दारावरून रेल्वे जाणार अशी आशा लागली. परंतु या मार्गाने दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, म्हणून रेल्वे खात्याने मार्ग बदलण्याचे धोरण जाहीर केले, आणि दोन्ही तालुक्यांत मोठी नाराजी पसरली. एका बाजूस मानवजातीचा डोळा, दुसऱ्या बाजूस या मुलखाचे पाय! कोणते इंद्रिय थोर, हे कोणी ठरवावे?

आणखी एक दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. या भागात उसाची शेती वाढली तसे बिबटे उसात राहू लागले. रात्री पाणी देण्यास निघालेल्या शेतकऱ्याला वाफ्यापलीकडे काय दबा धरून बसले आहे ते दिसत नाही, आणि माणसे प्राणास मुकतात. त्याच शिवारात उभी असलेली तबकडी आठशे ऐंशी कोटी प्रकाशवर्षांवरचे पाहते. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्या पूर्वजांनी कशास पाहून केली असेल ती असो. तिला इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळाले असेल.

यावरून दुर्बीण निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे शुद्ध अविचार होईल. दुर्बिणीने बिबट्या दाखवावा ही अपेक्षाच अस्थानी आहे. पण 'विज्ञानासाठी तुम्ही त्याग करा' असे या लोकांना दुरून सांगणेही तितकेच अनुचित आहे. ज्या डोळ्याचा लाभ सर्व मानवजातीस होतो, त्याचे पथ्य दोन तालुक्यांनी एकट्यांनी का पाळावे? शांततेची किंमत राष्ट्राने भरली पाहिजे. दुसऱ्या मार्गाने, पण तितक्याच तत्परतेने, त्यांना वाहतूक व दिवसाची वीज मिळाली पाहिजे. तेव्हाच ती दुर्बीण त्यांना आपली वाटेल. दरवर्षी २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला खेड्यापाड्यांतील शाळांची मुले आपापले प्रयोग घेऊन जमतात. ते दृश्य पाहिले म्हणजे असे घडणे अशक्य नाही, असा भरवसा वाटतो.

मनुष्याने आपली शक्ती वाढवावी की नाही, हा प्रश्न आता विचारण्यात अर्थ नाही. नागनिकेच्या काळीच त्याचे उत्तर देऊन झाले आहे. विचारावयाचे ते निराळेच. ती शक्ती वापरण्यास माणसे शिकविली जात आहेत काय? आणि तिचे मोल कोण देतो? पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे भिंतीवरची अक्षरे चरे होऊन बसतात. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले म्हणजे दुर्बिणीच्या छायेत राहणारा मनुष्य दुर्बिणीचा वैरी होतो. मेंदूतील पट्टिका असो, विचार करणारे यंत्र असो, हे दोन प्रश्न त्यांनाही चुकलेले नाहीत.

घाटमाथ्यावर लेण्याजवळ एक मोठा दगडी रांजण आहे. वाटसरूंची जकात त्यात गोळा होत असे, असे परंपरा सांगते. ती खरी असो वा नसो, घाट ओलांडणाऱ्याने काही द्यावे लागते एवढे त्या रांजणाकडे पाहून ध्यानात राहते. फक्त रांजण भरणारे एक आणि घाट ओलांडणारे दुसरे, असे होऊ नये.